घरशाळा: मोठी सव्वासहा, धाकटा साडेतीन. सकाळ हातात राहत नाही

कर्वेनगरी

मुलीला पहिलीत घातलेलं नाही, जूनपासून घरीच शिकवतेय. वन बीएचके, सकाळी नऊनंतर घरात मी आणि दोन मुलं. वेळापत्रक करून भिंतीवर लावलं: 9 ते 9.40 मराठी, 9.40 ते 10.20 गणित, मग इंग्रजी, परिसर, चित्रकला. दुसऱ्या आठवड्यापासून ते एकही दिवस पाळलं गेलेलं नाही. धाकटा वह्यांवर येऊन बसतो, त्यात दाराची बेल, त्यात कुकर.

सल्ला तीन गोष्टींवर हवाय. दिवस कसा बांधायचा? धाकट्याला काय द्यायचं, जे मोबाइल नाही? आणि मुलगी अ पासून ज्ञ पर्यंत धडाधड म्हणते पण 'मगर' वाचता येत नाही. पंचवीस सांगितलं की 52 लिहिते. इथे चुकतंय कुठे? तत्त्वज्ञान नको, नेमकं सांगा.

चिमटा आणि दोरी

आधी ते वेळापत्रक भिंतीवरून काढा. 40 मिनिटांचा तास वर्गात लागतो, कारण हजेरी, वह्या काढणं, फळा पुसणं आणि मागच्या बाकावरची भांडणं यांत निम्मा जातो. एका मुलाला समोर बसवून शिकवताना सहाव्या वर्षी 12 ते 15 मिनिटांची बैठक पुष्कळ झाली. अशा तीन बैठका, म्हणजे दिवसाला पाऊण तास. तुम्हाला ते कमी वाटेल. वर्गातल्या किती वेळात एकट्या तुमच्या मुलीकडे बाई बघू शकतील याचा हिशेब मांडा, मग वाटणार नाही.

दुसरं, घड्याळाला बांधलेला दिवस मोडणारच. केर-फरशीच्या मावशी कधी सव्वानऊला येतात, कधी दहाला. म्हणून दिवस घरात रोज घडणाऱ्या गोष्टींना टांगायचा. नाश्त्याच्या ताटल्या उचलल्या की वाचन. फरशी पुसून वाळली की अंक, कारण अंकांचा पसारा जमिनीवर मांडावा लागतो. धाकटा दुपारी झोपला की लिहिणं, कारण मध्ये हात घालणारं कोणी नको. मावशींना उशीर झाला तर बैठक सरकते, क्रम तोच राहतो. मुलं वेळ पाळत नाहीत, पण 'ताटली उचलली की पुस्तक' हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. कुकर बैठकीच्या आधी लावा किंवा नंतर, मध्ये नाही. शिट्ट्या मोजण्यात दोघांचंही लक्ष जातं.

गुरुवार निराळा धरा. पाणी असो वा वीज, दुरुस्तीची कामं आपल्याकडे पुण्यात बहुधा गुरुवारी निघतात आणि पुरवठा बंद असतो. बुधवारी संध्याकाळी पाणी भरताना मोजमाप उरकून घ्या: एक लिटरच्या बाटलीने 15 लिटरची बादली भरायची, प्रत्येक बाटलीमागे फरशीवर खडूची एक रेघ. भरायच्या आधी अंदाज लिहायला लावा, नाहीतर ते नुसतं पाणी भरणंच होतं. गुरुवारी बैठका दोनच.

आता धाकटा. मोठीला घेऊन बसण्याआधी दहा मिनिटं पूर्ण त्याची: मांडीवर, पुस्तक घेऊन, फोन दुसऱ्या खोलीत. आधी मोठी आणि 'तू थांब हं' असं केलं की तो वह्यांवरच येणार. त्यानंतर त्याला एक डबा. असे पाच डबे करा आणि रोज एकच बाहेर काढा. पाचही एकदम दाखवले की तिसऱ्या दिवशी कशातच राम उरत नाही. डब्यांत ठेवण्यासारखं: कपड्यांचे 20 चिमटे आणि ते लावायला पातेल्याची कड; झाकणांसकट सात-आठ रिकाम्या बरण्या, झाकणं वेगळी करून; स्पंज आणि दोन वाट्या, एकीत पाणी (खाली मोठं ताट ठेवा); जुनी कुलपं-किल्ल्या; आणि मळलेला गोळा. शेंगदाणे, वाटाणे, मणी यांवर नजर नसेल तर देऊ नका, साडेतीनाव्या वर्षीही ते नाकात जातात. मेथी निवडणं मात्र उत्तम, निम्मी पानं देठासकट येतील तेवढं चालवून घ्या.

गोळ्याचं प्रमाण: 1 वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल, 1 चमचा लिंबाचा रस. सगळं गार कढईत कालवून घ्यायचं, गाठी मोडल्या की मंद आचेवर हलवत राहायचं. चार-पाच मिनिटांत कडा सुटतात. पाणी आधी उकळून त्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या जात नाहीत. कोमट असताना मळा. फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात ओट्यावर राहिला तर बुरशी धरतो. मीठ फार असतं, तोंडात घालू देऊ नका.

दुरेघी

वाचनापुरतं लिहिते. मुलगी जे म्हणतेय ते पाठांतर आहे, अक्षरओळख नाही. अ आ इ ई या क्रमाने शिकवण्यात अडचण अशी की पहिले कितीतरी दिवस वाचायला शब्दच मिळत नाही. त्याऐवजी चार अक्षरं आणि एक काना घ्या: ग म न र. एवढ्यातून मगर, नगर, गरम, नमन, नाग, राग, मान, रान, गारा, मारा असे शब्द निघतात. पहिल्या दिवशी ग आणि म, तिसऱ्या दिवशी न, पाचव्या दिवशी र, पुढच्या आठवड्यात काना. पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे कापून एकेक अक्षर जाड स्केचपेनने लिहा. अक्षराचं नाव 'गमभनमधला ग' असं नको, 'ग' एवढंच.

दुसरा गट क ल स प आणि वेलांटी दुसरी. कमल, पालक, साप, नाक, पाल, काकी, मामी, पीक. पहिली वेलांटी लगेच आणू नका: ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर येतो, त्यामुळे मुलं अडखळतात. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तर या वयात बाजूलाच ठेवा.

हमखास चुका सांगते. म आणि भ, घ आणि ध एकाच आठवड्यात देऊ नयेत, मध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत. भ आणि ध यांची शिरोरेघ तुटलेली असते. मुलं सरसकट पूर्ण रेघ ओढतात आणि 'भात'चा 'मात' होतो. तसंच शिरोरेघ प्रत्येक अक्षराला सुटी दिली की शब्द तुटतो. संपूर्ण शब्द लिहून झाल्यावर शेवटी एकदाच रेघ, ही सवय पहिल्यापासून लावा. 'चाक'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळे ऐकू येतात, 'जाळं' आणि 'जन्म' यांचंही तसंच. मुलीने विचारलं तर 'अक्षर एक, आवाज दोन' म्हणून मोकळं व्हा. 'सूर्य', 'प्रकाश', 'राष्ट्र', 'दऱ्या' इथले र चार तऱ्हांनी लिहिले जातात. ते पुढच्या वर्षी, एकेक करून. (अवांतर: 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत मोठी माणसंसुद्धा गोंधळतात, त्यामुळे मुलांना घाई नको.)

बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, पण पहिलीचं पुस्तक छापील घ्या. अप्पा बळवंत चौकात सहज मिळतं. घरच्या प्रिंटरवर पानभर रंगीत चित्रं छापण्यात शाईचेच पैसे जास्त जातात.

चिंचोका

पंचवीसचं 52 ही चूक मुलीची नाही, मराठीची आहे. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून हात आधी 5 लिहितो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची जोड आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गदारोळ राहू द्या, घरात दोन्ही म्हणा: 'पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच'. आणि लिहिण्याआधी मांडून घ्या.

मांडायला आइस्क्रीमच्या 100 काड्या आणि रबरबँड. खराट्याच्या काड्या टोचतात, बोट सोलवटतं. दहा-दहाचे गठ्ठे तिनेच बांधायचे. तुम्ही बांधून दिलेत तर 'एक गठ्ठा म्हणजे दहा' हे तिला पटलेलं नसतं. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. अंकही त्याच क्रमाने, डावीकडून. दोन-तीन आठवडे काड्या मांडल्याशिवाय दोन अंकी संख्या लिहायचीच नाही.

क्रमही बदलता येतो. 1 ते 10 झाले की थेट दहा, वीस, तीस… नव्वद. मग 31 ते 38 आणि 41 ते 48, कारण 'बत्तीस'मध्ये तीस आणि 'सत्तेचाळीस'मध्ये चाळीस स्वच्छ ऐकू येतं. पन्नाशीत त्याचं 'वन्न' किंवा 'पन्न' होतं, साठीत 'सष्ट', सत्तरीत 'हत्तर', ते नंतर. 11 ते 19 हे तर निव्वळ पाठ करायचे, त्यात तर्क शोधत बसू नका.

सगळ्यात मोठा खड्डा 29, 39, 49 वगैरेंचा. 'एकोणतीस' ऐकलं की मुलं 39 लिहितात, कारण तीस ऐकू आलं. 'एकोण म्हणजे एक उणा' हे काड्यांनीच दाखवा: तीन गठ्ठे ठेवा, एक गठ्ठा सोडा, एक काडी काढून घ्या, उरल्या त्या मोजा. असं 89 पर्यंत चालतं. 99 ला मात्र 'एकोणशंभर' नाही, नव्याण्णव. इथे मुलं आपल्याला पकडतात, तयारीत असा.

बेरजेला चिंचोके. दहा चिंचोके मधोमध फोडून प्रत्येकाचं एक अर्ध घ्या. वाटीतून टाका. समजा 6 पांढरे पडले, तर तपकिरी किती? मोजायच्या आधी सांगायचं. दहाच्या सगळ्या जोड्या आठवड्याभरात तोंडावर येतात आणि आजी-आजोबा आपणहून खेळायला बसतात. चिंचोक्यांना किडे लागतात, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मग बरणीत भरा.

शंकासुर

दुरेघीताई, वाचन पटलं. पण लिहायची घाई कशाला? सव्वासहाला बोटांत जोर नसतो. दुरेघी वहीवर रोज पानभर म्हणजे शिक्षाच. आणि कायद्याचं कोणीच बोललेलं नाही. उद्या दारावर कोणी आलं तर?

दुरेघी

पानभर म्हटलेलंच नाही. रोज तीन शब्द, तेही पाटीवर. पेन्सिलीचा आणि खडूचा दीड इंची तुकडाच द्या. लांब तुकडा मुलं मुठीत धरतात, आखूड तुकड्याला चिमूट करावीच लागते. पाटी मांडीवर नको, भिंतीला टेकवून उभी. दुरेघी दिवाळीनंतर. पाटीची पेन्सिल खायची सवय असेल तर खडूच बरा.

धूळपाटी करायची असेल तर रवा नको, मुंग्या येतात. मीठ पावसाळ्यात ओल धरून चिकटतं. रांगोळी बारीक, फुंकर मारली की डोळ्यांत. धुऊन वाळवलेली जाडसर वाळू, कडा असलेल्या ताटात अर्धा सेंटिमीटर थर. जास्त जाड थर दिला की बोटाची रेघ ढासळते.

तारीखवार

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, वय 6 ते 14. कलम 10 प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा किंवा दंड या कायद्यात नाही. घरशाळेचा उल्लेखच नाही: परवानगी नाही, बंदीही नाही. हे डोळे उघडे ठेवून करायचं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी आलं तर हुज्जत घालू नका, त्यांचं काम ते करताहेत. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि एक तारीखवार वही दाखवा. वहीत रोज दोनच ओळी: काय वाचलं, काय मोजलं. महिन्याला तिच्या हातचे चार कागद मागे तारीख घालून फाइलमध्ये लावा. ही फाइल वर्षाच्या शेवटी एकदम करता येत नाही, कोणालाही जमलेलं नाही.

परत शाळेत जायचं झालं तर कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आहे. खासगी शाळांतल्या, वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के राखीव जागा मात्र पहिलीच्या किंवा त्याआधीच्या, शाळा जिथून सुरू होते त्या वर्गातच, तो दरवाजा पुढे उघडत नाही. परीक्षेचा कागद हवा असेल तर एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त मूलभूत शिक्षण आहे: अ स्तर तिसरीला, ब पाचवीला, क आठवीला समकक्ष. दहावीला तिथे वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. सव्वासहाला यातलं काहीच करायचं नाहीये, माहीत असू द्या इतकंच.

कर्वेनगरी

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक काढलं, मागे चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले. 'परिसर' या विषयाचं काय करायचं? बैठकीतच घ्यायचा का?

टेकडीवाला

बैठकीत नको, टेकडीवर. आठवड्यातून एकदा, एकच टेकडी, एकच वाट आणि दर वेळी तीच पाच झाडं. ठिकाण बदललं की मुलं ठिकाणच बघतात, बदल बघत नाहीत. वेताळ टेकडी किंवा तळजाई, सकाळी सातच्या आत, साडेतीनाच्या पायांना एकूण दीड तास. सोबत एक भिंग, सुतळीचा एक मीटरचा तुकडा (त्याचं गोल रिंगण करून आत काय काय दिसतं ते मोजायचं) आणि पाणी. पहिल्या पावसानंतर मातीत लाल मखमली मृगाचे किडे दिसतात, आठवडा-दोन आठवड्यांत गायब होतात. पुढच्या वर्षी तारीख लिहून ठेवा. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून ठेवलंय, फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट गुलाबी फुलतं. त्याच्याखाली काय उगवतं आणि शेजारच्या बाभळीखाली काय, हे मोजण्यात दोन सकाळी जातात. त्याच झाडाला उंदीरमारी म्हणतात, तेव्हा शेंगा-बिया तोंडात जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात त्या शेंगा तडकतात, तो आवाज ऐकायला मात्र जरूर न्या.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. गर्दी नको म्हणून आठवड्याच्या मधलाच वार निवडाल, म्हणून सांगितलं.