पित्ताची गोळी वर्षानुवर्षं का चालू राहते?

कृष्णाकाठ
आमच्या घरात, शेजारी, ऑफिसात रोज सकाळी अनशापोटी पँटोप्राझोल, म्हणजे पोटातलं ॲसिड कमी करणारी पित्ताची गोळी, घेणारी माणसं आहेत. ती कशासाठी सुरू झाली होती, हे बहुतेकांना आठवत नाही. कधीतरी तापासाठी अँटिबायोटिक दिलं, सोबत 'पित्त होऊ नये म्हणून' ही लिहिली. ताप गेला, गोळी राहिली. ती कधी घ्यायची हे चिठ्ठीवर असतं, तसं कधी थांबवायची हेही असलंच पाहिजे. साध्या जळजळीला बहुधा चार ते आठ आठवडे पुरतात. वर्षानुवर्षं घेतली तर नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, क्वचित मॅग्नेशियमही उतरतं. आपल्याकडे शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा मुळातच काठावर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानेही ते उतरतं, त्यात ही तिसरी भर. मग पाय बधिर झाले की 'शुगरमुळे' म्हणून सगळे मोकळे, बी-१२ तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

निवृत्त सिस्टर
मी ऐंशीच्या दशकात सर्जिकल वॉर्डात होते. पोटातला अल्सर (व्रण) फुटलेले पेशंट रात्री-अपरात्री यायचे, पोट लाकडासारखं कडक. ओमेप्राझोल, म्हणजे या जातीचं पहिलं औषध, १९८८ साली परदेशात बाजारात आलं आणि पुढे आपल्याकडे. या गोळ्यांनी किती ऑपरेशनं टळली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या घेणारे, संधिवातासाठी रोज पेनकिलर घेणारे म्हातारे, यांना ती संरक्षण म्हणून दिलेली असते. उद्या कुणी हे वाचून सासऱ्यांची गोळी परस्पर बंद करेल आणि पोटात रक्तस्राव होऊन डांबरासारखी काळी शी झाल्यावर धावपळ करेल. लिहिताना एवढं भान ठेवा.

कृष्णाकाठ
सिस्टर, त्यांच्या गोळीला कारण आहे आणि ते त्यांच्या फाइलीत लिहिलेलं आहे. माझं भांडण कारण नसलेल्या गोळीशी आहे.

मेडिकल दुकान, परभणी
कायद्याने ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. गिऱ्हाईक रिकामी पट्टी दाखवून 'हीच द्या' म्हणतं. नाही म्हटलं तर पलीकडच्या दुकानात जातं. पण नुसता लोकांना दोष देऊ नका. गोळी एकदम सोडली की दाबून ठेवलेलं ॲसिड उसळून येतं. २००९ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात पित्ताचा काहीच त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे याच जातीची गोळी देऊन बंद केली. त्यांतल्या ४४ टक्के लोकांना नंतर जळजळ वगैरे त्रास झाला. तुलनेसाठी औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांत तो १५ टक्केच होता. माणसाला वाटतं, बघा, मला गोळीची गरजच आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून डोस निम्मा, मग दिवसाआड, मधे लागलंच तर ॲसिडिटीचं सिरप, असं हळूहळू सोडवावं लागतं.

रात्रपाळी
वेळेवर जेवा, चहा कमी करा, जेवल्यावर तीन तास आडवं होऊ नका, हे सगळं डॉक्टरांनी मलाही सांगितलं. एमआयडीसीत माझी पाळी सकाळी सातला सुटते. घरी येऊन जेवतो आणि लगेच झोपतो, कारण दुपारी मुलं शाळेतून आली की घरात झोप होत नाही. तीन तास जागत बसू कधी? गोळी परवडते, झोप मोडणं परवडत नाही. ज्यांच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्यांनीच 'गोळीला पर्याय' सांगावेत.

कृष्णाकाठ
दादा, मग मोठं जेवण पाळीच्या मधल्या सुट्टीत करा, घरी आल्यावर अगदी हलकं काहीतरी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, पोट दुमडतं. तंबाखू असेल तर आधी ती सोडा.

रात्रपाळी
पहाटे कँटीनला चहा-बिस्किटाशिवाय काही नसतं. डबा नेला तर गरम करायची सोय नाही. विटा ठेवून बघतो, पण कंपनीने कँटीन नीट चालवलं तर माझ्यासारख्या निम्म्या लोकांच्या गोळ्या सुटतील. ते कुठल्या चिठ्ठीवर लिहिणार?

निवृत्त सिस्टर
हे मात्र खरं आहे. एक विनंती मात्र सगळ्यांनाच: छातीत जळजळ होताना घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखला, तर गोळी-सिरप शोधत बसू नका, आधी ईसीजी काढा. आणि गिळताना अडकत असेल किंवा वजन आपोआप घटत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. तोवर गोळी घेत राहिलात तर त्रास दबतो आणि आजार आत वाढत राहतो.