एक बाजू वाजली की सुईवर गोळा: टर्नटेबलची स्टायलस, म्हणजे सुई, नेमकी कशी साफ करायची?

खाच३३ यांचा प्रश्न

टर्नटेबल ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स, कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) व्हीएम९५ई, सुईचा तबकडीवरचा भार २ ग्रॅम, डिजिटल काट्यावर तपासलेला. जुन्या बाजारातल्या नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या एलपी लावल्या की एक बाजू संपेपर्यंत सुईच्या टोकाला राखाडी गोळा जमतो. आतल्या दोन गाण्यांत आवाज दबतो, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. ब्रशने गोळा निघतो, पण भिंगातून पाहिलं तर हिऱ्याभोवतीचं काळपट कडं जसंच्या तसं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं की नाही, यावर दोन्ही टोकांची मतं ऐकायला मिळतात. भांडी घासायचा पांढरा मेलामाइन स्पंज चालतो असंही म्हणतात, त्याने हिरा झिजत नाही का? शिवाय याच पेटीत ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, काही जुन्या तबकड्या आहेत. त्या वाजवायच्या सुईची सफाई वेगळी असते का?

मागूनपुढे

आधी ब्रश फिरवायची दिशा, कारण सुया मोडतात त्या बहुतेक इथेच. कार्ट्रिजच्या पोटातून एक बारीक दांडी पुढे आणि खाली येते, ती कॅन्टिलिव्हर. तिच्या टोकाला हिरा चिकटवलेला असतो आणि मुळाशी रबराची बारीक चकती. तबकडी फिरते तेव्हा खाच या दांडीला मागून पुढे ओढते, म्हणजे आर्मच्या बुडापासून कार्ट्रिजच्या तोंडाकडे. दांडी या एकाच दिशेचा ताण सोसण्यासाठी बनलेली आहे. म्हणून ब्रशही मागून पुढेच. पुढून मागे नेला तर दांडी मुळात रेटली जाते, आडवा नेला तर वाकते. पुढे-मागे घासणं तर अजिबात नको: एक फटकारा, ब्रश उचला, परत मागून सुरुवात.

रोजची सफाई अशी. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली, नाहीतर ब्रश लागताच स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. मोटर बंद. आर्म स्टँडवर, क्लिप लावलेली. डाव्या हाताने हेडशेलचा (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला तुकडा) दांडा धरा आणि आखूड, दाट केसांच्या स्टायलस ब्रशने तीन-चार फटकारे. केस टोकाला जेमतेम लागले पाहिजेत. दांडी वर दबताना दिसली तर जोर जास्त झाला. तबकडी पुसायचा लांब कार्बन-फायबर ब्रश इथे वापरू नका, त्याचे केस दांडीत अडकतात. ब्रशला लोखंडी पट्टी असेल तर तोही नको, आणि चिमटा तर नकोच. आत चुंबक आहे, पोलाद जवळ आलं की टचकन ओढलं जातं.

आता ते काळपट कडं. भार दोनच ग्रॅम असला तरी हिरा खाचेच्या भिंतींना टेकतो ती जागा काही मायक्रॉनची, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो. त्या दाबाखाली धूळ, बोटांचं तेल आणि बुरशी मिळून हिऱ्यावर घट्ट बसतात. कोरडा ब्रश त्यावरून नुसता सरकतो. मेलामाइन स्पंज कामाला येतो तो इथे.

साबण किंवा सुगंध न भरलेला साधा स्पंज घ्या. कोऱ्या ब्लेडने साधारण २ सेंमी लांब-रुंद आणि १ सेंमी जाडीचा तुकडा कापा आणि भुगा झटका. तुकडा थांबलेल्या प्लॅटरवर (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर), सुईच्या बरोबर खाली ठेवा. क्यू लिव्हरने, म्हणजे आर्म वर-खाली करायच्या छोट्या दांड्याने, आर्म सावकाश खाली सोडा. सुई स्वतःच्या भाराने रुतेल. दोन-तीन सेकंद थांबा, लिव्हरनेच वर घ्या. तुकडा जरा सरकवून कोऱ्या जागी पुन्हा, असं चार-पाच वेळा. हाताने आर्म खाली दाबू नका. सुई रुतलेली असताना प्लॅटर तसूभरही हलता कामा नये: या स्पंजच्या आतलं जाळं कडक आणि ठिसूळ असतं, सरळ टोचलं तर ते हिऱ्यावरचा थर खरवडतं, आडवं ओढलं तर दांडीच धरून ठेवतं. हिरा त्याने झिजत नाही, तो मेलामाइनपेक्षा कितीतरी कठीण आहे. सगळं झाल्यावर ब्रशचे दोन फटकारे मारा, पांढरे कण राहतात. हे महिन्यातून एकदा-दोनदा पुरे.

अल्कोहोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोरड्याने काम होतंय तोवर बाटली उघडू नका. हिरा आणि दांडी यांच्यामधला जोड गोंदाचा असतो, आणि द्रव दांडीवरून वर चढत मुळाशी रबरापर्यंत पोचतो. सुई झाली साफ, पण पुढे रबर कडक होऊ शकतं किंवा हिरा सुटू शकतो. अगदीच चिकट थर असेल तर शुद्ध आयसोप्रोपिलचा एक थेंब ब्रशवर, मग ब्रश टिश्यूवर टिपून जवळपास कोरडा करायचा आणि फक्त टोकाला एक फटकारा, तोही मागून पुढे. दोन मिनिटं वाळू द्या. दवाखान्यातलं स्पिरिट, हँड सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही नको. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे कण बसतात.

लाखेचीतबकडी

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, मी ७८ चं तेवढं सांगते.

भारतात ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे एकाच पेटीत दोन्ही सापडणं स्वाभाविक आहे. पण त्या लाखेच्या, आणि लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, असाच हिशोब होता. म्हणून ती पिन साफ करायची नसते, दर बाजूला नवी लावायची.

तुमच्या टर्नटेबलवर ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची वेगळी सुई लागेल. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखरते. ७८ वाजवताना टोकावर तपकिरी-करडी पूड येते, गोळा होत नाही. ती कोरड्या ब्रशने लगेच जाते, फक्त दर बाजूनंतर झटका. अल्कोहोल तर त्या तबकडीच्या जवळपासही नको, लाख त्यात विरघळते. ब्रश ओला राहिला आणि सुईवरून थेंब खाचेत उतरला तर ती जागा कायमची गेली.

खाच३३

दोघांचे आभार. स्पंजने कडं निघालं, भिंगातून हिरा चकचकीत दिसतोय. पण ‘स’ अजून थोडा फाटतोच, तोही फक्त उजव्या स्पीकरमध्ये. आणि स्पंजऐवजी भिंतीवर पोस्टर चिकटवायचा निळा मसाला वापरता येईल का?

मागूनपुढे

निळा मसाला नको. तो टोकाला धरून ठेवतो, वर उचलताना हिरा उपटू शकतो, शिवाय तेलकट थर सोडतो. चिकटच हवं असेल तर स्टायलससाठी बनवलेली पॉलियुरेथेन जेलची डबी घ्या. वापर स्पंजसारखाच, आणि जेल मळली की पाण्याने धुऊन वाळवता येते.

एकाच स्पीकरमध्ये फाटतंय म्हणजे सफाईचा प्रश्न संपला. प्लॅटरवर छोटा आरसा ठेवून सुई समोरून पाहा: दांडी मध्यावर सरळ आहे की एका अंगाला झुकली आहे? झुकली असेल तर सुई बदला. सरळ असेल तर अँटी-स्केट (आर्मची मध्याकडची ओढ आवरणारी चकती) भाराइतकं, म्हणजे २ वर ठेवून ऐका आणि हेडशेलमध्ये कार्ट्रिज तिरकं बसलंय का ते मापपट्टीवर तपासा. यातही काही सापडलं नाही तर तास मोजा. तुमच्या सुईसारख्या लंबगोल टोकासाठी ऑडिओ-टेक्निका साधारण ३०० तास सांगते. वीस मिनिटांची एक बाजू धरली तर ९०० बाजू. व्हीएम९५ ची सुई पुढे ओढून निघते, कार्ट्रिज उघडावं लागत नाही.

लाखेचीतबकडी

एक राहिलं. गोळा दर बाजूला येतोय तो तबकडीतून येतोय. तो पांढुरका, कापसासारखा असेल तर बहुधा बुरशी. पावसाळ्यात कागदी पाकिटात ती हमखास धरते. एलपी धुऊन जुन्या पाकिटात परत घातली तर पुन्हा तीच गत. आतलं पाकीट नवंच घ्या, आणि तबकडी पूर्ण वाळल्याशिवाय त्यात घालू नका.