अनुभव धागा: बालगृहातली मुलं, निराधार कुटुंबं आणि आपण

महालची_ताई:
काल माळा साफ करताना लेकाचा लाकडी नंदी सापडला, एक चाक गायब. एकदम २००९ चा तान्हा पोळा आठवला, पोरं लाकडी नंदी घेऊन फिरतात तो सण. आमच्या भिशीच्या बायकांनी ठरवलं, यंदा बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना देतात तो खाऊ-पैसा, बालगृहातल्या पोरांना द्यायचा. त्याच दिवशी मैत्रिणीच्या नातवाचा वाढदिवस, म्हणून केकही नेला. पोरं रांगेत बसली, टाळ्या वाजवल्या, सगळं पाठ असल्यासारखं. सात-आठ वर्षांची एक चिमुरडी हळूच म्हणते, "काकू, माझा तुकडा उद्या खाऊ का? आज हा तिसरा केक आहे." मी फोटो काढत होते. कॅमेरा पर्समध्ये टाकला तो टाकलाच. नंतर दर शनिवारी गणित शिकवायला जायला लागले, चार वर्षं गेले. तुमचेही अनुभव लिहा.

पोहेतर्री:
तिसरा केक 😔 आमच्या हापिसातले १५ ऑगस्टला जातात. त्या दिवशी पोट्ट्यांना चार ठिकाणची जिलबी. १६ ला कोणी नाही.

सक्करदरा_एक्सप्रेस:
नंदी फेकू नका ताई!! चाक सुतार बसवून देईल. आता सगळे प्लास्टिकचे नंदी, बाप्पा.

अजनीवाली:
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. आमच्या धुणंवालीचा नवरा कोरोनात गेला. दोन्ही पालक गेले त्या मुलांच्या नावे सरकारने ५ लाख ठेवले, हिच्या पोरांचा एकच गेला, म्हणून बालसंगोपन योजना, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं ती. ती तर पोरांना आश्रमात टाकायला निघाली होती! खायला नाही म्हणून, दुसरं काही नाही. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक, सगळी फाईल मीच केली. बाल कल्याण समितीपुढे पोरांना घेऊन गेलो. तेव्हा महिन्याला ११०० होते, २०२३ पासून २२५०. पैसे सहा-सहा महिने अडकतात, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. पण पोरं आईजवळ आहेत. शिटी झाली, पळते.

महालची_ताई:
@अजनीवाली फक्त विधवेलाच मिळतं का हे? घटस्फोटितेला?

अजनीवाली:
एकल पालक असला तरी चालतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.

रात्रपाळी:
स्टेशनवर चहाचा ठेला होता माझा. रायपूरकडच्या गाडीतून उतरलेला एक पोरगा, दहाएक वर्षांचा, बाकावर झोपून राहिला होता. मी घरी घेऊन चाललो होतो, हमाल म्हणे, "काऊन बे, पोलिसाच्या लफड्यात पडतं का? १०९८ लाव." लावला, मुलांसाठीची हेल्पलाइन ती. ते लोक येईपर्यंत त्याने तीन चहा आणि अर्धा पुडा पारले संपवला. बापाने मारलं म्हणून निघाला होता. घरी पोचला म्हणे. चहाचे पैसे राहिले 😄

पोहेतर्री:
पुढच्या वेळी तर्री खाऊ घाल, परत पळणार नाही 😂

बिनआडनावाचा:
मी त्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या आहेत. केकबद्दल राग नाही, केक चांगला असायचा. अवघड गेलं ते अठराव्या वर्षानंतर. अनुरक्षण गृहात, म्हणजे अठरानंतर राहायची सोय असते तिथे, जागा असली तर ठीक, नाहीतर पेटी उचला. मानेवाड्यात खोली बघायला गेलो, मालकीण म्हणाली, "गावाकडचं कोण आहे?" चार घरं फिरलो. शेवटी आमच्याकडे इंग्रजी शिकवायला येणारे एक सर आले, म्हणाले, "माझा नंबर लिहा." तेवढ्यावर खोली मिळाली. अनाथ प्रमाणपत्रही त्यांनीच मागे लागून काढायला लावलं, २०१८ पासून १ टक्का आरक्षण आहे राज्यात. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी वाढपी होतो. जिलेबीवर.

अजनीवाली:
😭 पोळ्या करपल्या माझ्या.

सक्करदरा_एक्सप्रेस:
दादा, सध्या कुठे असता? आमच्या वरची खोली रिकामी आहे, पोरं शोधून राहिलो. नळ सकाळीच येतो, आधीच सांगतो.

बिनआडनावाचा:
मला घर आहे आता हो. पण यंदा बालगृहातून दोघं बाहेर पडतात. भाडं किती?

सक्करदरा_एक्सप्रेस:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

महालची_ताई:
तो सुतार कुठे बसतो पण?