सुपरकंडक्टरचं मेटामटेरियल आणि म्हणे ‘तोटा शून्य’!

शून्यरोध: मेटामटेरियल म्हणजे लहरींच्या लांबीहून बारीक कड्या कोरून घडवलेला, लहरींना हवं तसं वळवणारा पदार्थ. त्यावरचा लोलकचा कालचा धागा वाचला. “कड्या सोन्याऐवजी वायबीसीओच्या (थंड केला की सुपरकंडक्टर होणारा सिरॅमिक) करा, ऊर्जेचा तोटा शून्य, अदृश्य झगा तयार!” आणि त्यावर वाहवा! अरे, शून्य रोध डीसीला, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाला. वारंवारिता वाढली की सुपरकंडक्टरचा पृष्ठरोध (पृष्ठभागावरून वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध) तिच्या वर्गाने चढतो, तांब्याचा वर्गमुळाने. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, १० गीगाहर्ट्झवर वायबीसीओची चांगली फिल्म (पातळ थर) तांब्याला दहापटीने तरी हरवते, कबूल. १०० गीगाहर्ट्झच्या आसपास दोघं बरोबरीत. पुढे टेराहर्ट्झला सोनंच बरं.

लोलक: झगा जास्त झाला, घे. पण तुला तोट्यापलीकडे काही दिसतच नाही का? तापमान ९२ केल्विनच्या जवळ न्या, जिथे वायबीसीओचं सुपरकंडक्टरपण संपतं: कूपर जोड्या (रोधाविना वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) घटतात, गतिज प्रेरकत्व (त्या जोड्यांच्या जडत्वामुळे येणारं) वाढतं, कडीचा अनुनाद, म्हणजे ती ज्या वारंवारितेला घुमते तो, खाली सरकतो. सोन्याची कडी एकदा कोरली की कोरली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या मंडळींनी कड्यांसाठी नायोबियम हा सुपरकंडक्टर धातू घेतला, त्याला द्रव हेलियमचे लाड. वायबीसीओला द्रव नायट्रोजन चालतो, तो दुधापेक्षा स्वस्त.

शून्यरोध: सरकतो तसा तोटा वाढून बोथटही होतो. ते सोयीस्कर गाळलंस.

गोठेवाले काका: दुधापेक्षा स्वस्त? कोणत्या गावात? आमच्याकडे कृत्रिम रेतनासाठी वीर्य गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा डबा आहे. नायट्रोजनची गाडी पंधरवड्याने येते. गेल्या दिवाळीत आलीच नाही, त्यात झाकणाचा बूच चिरलेला. किती उरला बघायला पट्टी बुडवून काढली तर हिमाची पांढरी खूण जेमतेम दोन बोटं. सगळ्या रेतमात्रा वाया. उकळून जातो तो कोण मोजणार?

शून्यरोध: काका, विषय मेटामटेरियलचा आहे.

गोठेवाले काका: नायट्रोजन मी काढला का?

प्रयोगवही: काकांना +१. आमच्या लॅबला फक्त गुरुवारी मिळायचा, सोमवारपर्यंत डबा रिकामा. आणि फिल्म म्हणाल तर वायबीसीओला पाणी सोसत नाही आणि कड्यांची नक्षी उमटवणारा डेव्हलपर पाण्यातला. ९० केल्विनला शून्य रोधावर येणारी माझी फिल्म कड्या कोरून झाल्यावर ८२ ला आली. ७७ पासून उरले पाच! सहा महिने त्यात गेले, लोलकसाहेब.

लोलक: हात कच्चा असेल.

प्रयोगवही: एक कडी कोरून दाखवा, मग बोलू. तुमचा हात कीबोर्डवरच पक्का दिसतो.

गोठेवाले काका: पोरीशी नीट बोला.

लोलक: बरं, माफी. पण अनुनाद सरकतो की नाही?

शून्यरोध: सरकतो रे बाबा. नाही कोण म्हणतंय? मग शीर्षकात तेच लिही, ‘तोटा शून्य’ काढ.

लोलक: काढलं. झोप आता.

गोठेवाले काका: तेवढा बूच कुठे मिळेल, कोणी सांगेल का? कंपनी म्हणते, अख्खा डबाच नवा घ्या.

प्रयोगवही: काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आमच्याकडे एक पडून आहे. तोंडाचं माप कळवा.