बोनस दिला, तरी मावशी नाराज का?
‘दिवाळीला पूर्ण पगार बोनस दिला, तरी भांड्यांच्या मावशी नाराजच’, अशी तक्रार कुणीकुणी करतं. नाराजी बहुधा बोनसची नसते. पगार ठरतो चार माणसांच्या भांड्यांवर. पाहुणे आले की सिंक दुप्पट भरतं, त्यात तळाला करपलेली कढई, आणि ‘आज जरा जास्त आहेत हं’ एवढ्यावर भागवलं जातं. पुढच्या तीन घरांना उशीर होतो, बोलणी मावशींनाच. पाहुण्यांचे जादा किती, महिन्याला सुट्ट्या किती, आजारपणाचा खाडा कापायचा का, हे पहिल्याच दिवशी बोलून वहीत लिहा. सर्वांत दुखरं म्हणजे आपण गावाला गेलो की कापलेले आठ दिवस. तिथे त्यांचा किराणा अडतो. महाराष्ट्रात 2008चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, नोंदणी जरूर करून द्या. पण खाड्याचा हिशेब दोघांनीच ठरवायचा असतो.