चेस्ट नंबर, फक्की आणि झोनलची सकाळ : तुमच्या मैदानी आठवणी लिहा

तिसरी लेन (सातारा)
आज पहाटे शाहू स्टेडियमवर चालायला गेले होते. एक पोरगा दोरी ताणून धरून बसलेला, दुसरा डब्यातून फक्की सोडत मागं मागं सरकत होता. ओल्या मातीवर पांढरी रेघ उठत गेली आणि मला एकदम 1991 चं झोनल, म्हणजे विद्यापीठाच्या एका विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा, आठवलं. घरी येऊन डबे भरले, पण मन तिकडंच होतं, म्हणून धागा काढतेय.

मी 4×400 रिलेमध्ये तिसऱ्या टप्प्याला पळायचे. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. बॅटन माझ्या तळहाताला लागली आणि निसटली. मातीवर टप्पा घेऊन आतल्या लेनमध्ये गेली. उचलून पळाले, पण तोवर सगळ्या पुढं गेल्या होत्या. शेवटच्या आलो.

जिमखान्याचे सर काही बोलले नाहीत. बॅटन धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "महिनाभर ही तुझ्याजवळ ठेवायची." एसटीत, वर्गात, घरी चुलीपाशी, सगळीकडं ती काठी. डाव्या हातातून उजव्या हातात, उजव्यातून डाव्यात. आई म्हणायची, आता भाकरी तरी थापू दे त्या हातांना. पुढच्या वर्षी कोल्हापूरला इंटरझोनलला, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकत्र स्पर्धेला, आमचा दुसरा नंबर आला. तेव्हा बॅटन बदलायला 20 मीटरच मिळायचे, 4×400 ला आताही तेवढेच असतात.

तुमचं काय काय आहे? शिवाजी विद्यापीठाचं झोनल, इंटरझोनल, विद्यापीठा-विद्यापीठांतली अश्वमेध स्पर्धा, नुसतं कॉलेजचं गॅदरिंग असलं तरी चालेल.

कृष्णाकाठ
भालाफेक. सराव बांबूच्या भाल्यावर, 800 ग्रॅमचा खरा भाला फक्त स्पर्धेच्या आदल्या दिवशी हातात यायचा.
माझी सगळी सर्टिफिकेटं 2019 च्या महापुरात गेली. सांगलीच्या गावभागात घर. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आईची औषधं, सिलेंडर, धान्य वर चढवलं. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर कागद उघडले तर शाई सगळी एकमेकांवर उतरलेली. बायकोनं मेडलं जुन्या टूथब्रशनं घासली, पण फितीत गाळाची रेघ बसलीय ती जात नाही. मी ती तशीच ठेवलीय.

सौ_मिरज
वाचून पोटात गोळा आला हो. आमचंही घर तेव्हा सोडावं लागलेलं. विद्यापीठाकडं अर्ज करून दुसरी प्रत मिळते का बघितलंत?

कृष्णाकाठ
दोन मिळाली ताई. बाकीची फार जुनी होती.

दहिवडीकर
आमच्याकडं ट्रॅक कसला, माळ होता. क्रॉस कंट्रीला माण तालुक्यातली पोरं म्हणून पुढं असायची, कारण शाळेलाच रोज तेवढं चालत जायचो. आमच्या तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, मग लांब पल्ल्याकडं वळली. 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) हीटमध्ये 9 मिनिटं 19.76 सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. फायनल 15 ऑगस्टला संध्याकाळी. आम्ही सगळे एका दुकानात टीव्हीपुढं उभे. दहावी आली, आणि आमचा एक म्हातारा गडी डोळं पुसत म्हणला, "पोरीनं माणाचं पाणी दाखवलं." ज्या तालुक्याला प्यायला पाणी नाही तिथला माणूस हे म्हणतोय, म्हणून आजही अंगावर काटा येतो.

घरचा_डबा
कुणी खाण्याचं लिहिणार आहे का नाही 😄 इंटरझोनलला आम्ही सांगलीचं भडंग न्यायचो, सातारकर कंदी पेढे आणायचे. रात्री वसतिगृहाच्या गॅलरीत वर्तमानपत्रावर अदलाबदल. दिवसभर एकमेकांना ढकलून पुढं जायचं आणि रात्री एकाच कागदावर हात.

सौ_मिरज
भडंग कुठलं ते सांगा आधी. लसूण जास्त असलेलं की कमी?

घरचा_डबा
लसूण जास्त. त्याच्याशिवाय भडंग नाही.

अजिंक्यतारा_वॉकर
यावर वेगळा धागा काढा, इथं रात्र होईल.

फक्की
तिसरी लेन, तुमच्या पहिल्या ओळीनं मला लिहायला बसवलं. माझे वडील कॉलेजच्या जिमखान्यात सेवक होते. स्पर्धेच्या आदल्या रात्री ते ट्रॅक आखायचे आणि मी कंदील धरायचो. वळणाच्या मध्यावर मोठा खिळा ठोकायचा, त्याला 36.50 मीटरची तार अडकवायची आणि अर्धगोल फिरायचं. लेन 1.22 मीटरची, त्यासाठी वडिलांनी लाकडी पट्टी कापून ठेवलेली. 400 मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात जेवढी पुढं सरकवायची ते अंतर, 7.04 मीटर, तिसऱ्याचा 14.70. वडील चौथी शिकलेले, पण हे आकडे तोंडपाठ. फक्कीनं हात भेगाळायचे. घरी आले की आई खोबरेल लावायची. रात्री पाऊस आला तर पहाटे चारला परत सगळं पहिल्यापासून. एकदा आलाच. रेघ न् रेघ धुऊन गेली. सकाळी साडेसातला पहिली हीट वेळेवर सुटली.
बक्षीस समारंभात त्यांचं नाव कधी घेतलं नाही कुणी. इथं तरी लिहितो म्हणून लिहिलं.

तिसरी लेन (सातारा)
दादा, हे वाचून थांबले मी. आम्ही त्याच रेघांवरून पळालो आणि कधी विचारलंही नाही कुणी आखल्या.

कराडचा
खाशाबांचा उल्लेख अजून नाही? गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1952 हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. कराडात मिरवणूक निघाली ती शंभरावर बैलगाड्यांची. शिवाजी विद्यापीठ झालं 1962 ला, म्हणजे दहा वर्षांनी. परंपरा विद्यापीठाच्या आधीची आहे एवढंच सांगायचंय. आजोबा त्या मिरवणुकीत होते.

आटपाडी_एक्सप्रेस
आणि करगणीचा सचिन खिलारी पण. पॅरिस 2024 पॅरालिंपिक, गोळाफेक, 16.32 मीटर, रौप्य.

खाकी
माझं दुखणं सांगतो. राज्य स्पर्धेला 1500 ला पहिला. 5 टक्के खेळाडू आरक्षणातून पोलीस भरतीचा फॉर्म भरला. सर्टिफिकेटवर आडनावाची एक वेलांटी चुकलेली. पडताळणीत अडलं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तीन महिने हेलपाटे, प्रत्येक खेपेला एसटीचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी. दुरुस्त होऊन आलं तेव्हा मुदत संपली होती. पुढच्या भरतीला साध्या जागेवर उतरलो आणि 1600 मीटरला पैकीच्या पैकी घेतले. आता वर्दीत आहे. पण पोरांनो, सर्टिफिकेट हातात आलं की तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. माझं ऐका.

सौ_मिरज
भाऊ, लागलात ना शेवटी. देव पावला.

अजिंक्यतारा_वॉकर
स्पाइकच्या बुटाचा तळ उचकटलाय मुलाच्या. साताऱ्यात कोण चांगलं शिवून देतं?

घरचा_डबा
साधा मोची पण शिवतो, फक्त खिळे आधी काढून न्या. नाहीतर दोऱ्यात अडकतात.

एफवायची_मुलगी
मी सहसा लिहीत नाही. उद्या झोनल आहे माझं, 800 मीटर, पहिल्यांदाच. दुपारपासून जेवण जात नाहीये. रिलेची गोष्ट दोनदा वाचली.

तिसरी लेन (सातारा)
अगं बाळा, थोडा दहीभात तरी खा आणि दहाला झोप. पहिलं वळण पूर्ण होईपर्यंत आपली लेन सोडायची नाही. त्यानंतर एकदम आत झेपावू नकोस, सरळ रेषेवर हळूहळू आत ये. पहिल्या फेरीत कुणी पळत सुटली तर सुटू दे. शेवटच्या 200 ला ती तुला दिसेल.

फक्की
चेस्ट नंबरला चार पिना लागतात, देतात दोन. घरून घेऊन जा.

खाकी
आणि ओळखपत्राची झेरॉक्स.

एफवायची_मुलगी
पिना आईच्या साडीच्या काढल्या. सहा आहेत.