भविष्य दिसूनही माजिवड्याला अडकलेला माणूस

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेतल्या नायकाबद्दल कुणीतरी विचारलंय, 'पॉलला भविष्य दिसत होतं, मग युद्ध का नाही थांबवलं?' वाचून हसू आलं. अहो, सकाळी साडेआठला ठाण्यातल्या माजिवड्याला ट्रॅफिकचं काय होणार हे मलाही रोज दिसतं. तरी पावणेनऊला मी तिथेच, पुढच्या टेम्पोमागचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचत.

खरी धमाल मालिकेच्या दुसऱ्या भागात, १९६९च्या 'ड्यून मसाया'त आहे. आपल्या नावाने झालेल्या युद्धाचा पॉल स्वतःच हिशेब मांडतो: ६१ अब्ज माणसं मारली, ९० ग्रह उजाड केले. आणि चेहरा असा, जणू बळेबळे सोसायटीचा सेक्रेटरी केलाय! (डोळे गेल्यावरही आधी पाहिलेल्या भविष्याच्या जोरावर तो बिनचूक वावरतो, तिथे मात्र हर्बर्टला सलाम.)

पॉलचा पोरगा लेटो तर बापाचा बाप. माणसाची वाळवंटातली महाकाय अळी होऊन साडेतीन हजार वर्षं सत्तेवर, पायांचा पत्ता नाही, गाड्यावर पडून फर्मानं. का, तर मानवजातीच्या भल्यासाठी. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष अकरा वर्षं हेच सांगतायत, तेही पाण्याच्या टँकरबद्दल. लेटोच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख डंकन तर आमच्या वॉचमनसारखा: एक भडकून गेला, की दुसरा हजर. फरक एवढाच, की तिथे तोच माणूस पुन्हा बनवून आणतात.